हवाई दलातून निवृत्त झालेल्या वडिलांचं पहिलं मॉडेल: ट्रेनर करावं की थेट हार्वर्ड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी हवाई दलात आयुष्यभर विमानांच्या देखभालीचं काम केलं. आता निवृत्तीनंतर त्यांना रेडिओवर उडणारं विमान स्वतःच्या हातांनी बनवायचं आहे. पहिलंच मॉडेल त्यांच्या आवडत्या हार्वर्डचं (वैमानिकांच्या प्रशिक्षणाचं जुनं विमान), १/८ मापाचं करायचं म्हणतात. हे जमेल का, आणि सुरुवात कुठून करावी?

हार्वर्ड नक्की करावं, पण तिसरं. पहिलं विमान वरच्या पंखाचं साधं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ माणसासाठीचं विमान, असू दे. बनवण्याच्या कामात वडील बहुतेकांच्या पुढे असतील. तपासणी, नोंदी, हत्यारांची शिस्त हे सगळं त्यांच्या अंगात आहे आणि या छंदात त्याचा रोज उपयोग होतो. अडचण दुसरीकडे येते. मोठ्या विमानाचे आकडे लहान विमानाला लागू पडत नाहीत, आणि ‘मजबूत म्हणजे सुरक्षित’ ही सवय मॉडेलचा घात करते.

हार्वर्डचाच हिशेब मांडू. मूळ विमानाचा पंखविस्तार १२.८ मीटर, पंखाचं क्षेत्रफळ २३.६ चौरस मीटर आणि भरलेलं वजन साधारण २,५५० किलो. १/८ मापात विस्तार १.६ मीटर होतो. क्षेत्रफळ मापाच्या वर्गाने उतरतं, म्हणजे ६४ ने भागायचं: सुमारे ३७ चौरस डेसिमीटर. वजन घनाने उतरतं, म्हणजे ५१२ ने भागायचं: जवळपास ५ किलो. तेव्हा दर चौरस डेसिमीटर पंखावर १३५ ग्रॅम भार आला. या भाराला मॉडेल ताशी ५० किलोमीटरच्या आसपास स्टॉल होतं (वेग अपुरा पडून पंखाची उचल तुटते) आणि उतरताना ६५ च्या खाली आणता येत नाही. शिवाय १/८ मापाचं विमान खरं वाटायचं तर ते आठपट हळू दिसायला हवं, पण वेग मापाच्या वर्गमुळानेच, म्हणजे २.८ पटीनेच कमी होतो. म्हणून ते भलत्याच घाईत असल्यासारखं दिसतं. हेच मॉडेल २.६ किलोत बसवलं, तर भार ७० ग्रॅमवर येतो, स्टॉल ताशी ३७ किलोमीटरवर, आणि उड्डाण पाहायलाही शोभतं. निम्म्या वजनात विमान बसवणं हे या छंदातलं खरं कौशल्य. ते ट्रेनरवर शिकायचं.

दुसरी गोष्ट हवेच्या वागण्याची. पंखाभोवती हवा कशी वाहील हे सांगणारा रेनॉल्ड्स आकडा काढायचं सोपं सूत्र: वेग (मीटर प्रति सेकंद) गुणिले कॉर्ड, म्हणजे पंखाची पुढून मागेपर्यंतची रुंदी (मीटर), गुणिले ६८,०००. खरं हार्वर्ड उतरताना हा आकडा चाळीस लाखांच्या पुढे असतो. मॉडेलच्या पंखटोकाशी कॉर्ड १४ सेंटिमीटर धरली, तर सेकंदाला १० मीटर वेगाला तो ९५,००० वर येतो. लाखाच्या खाली हवा पंखाला नीट चिकटून राहत नाही, प्रवाह लवकर सुटतो. टोकाशी कॉर्ड लहान, म्हणून टोक आधी स्टॉल होतं आणि विमान एका बाजूला कोसळतं. मूळ हार्वर्डलाही स्टॉलमध्ये पंख टाकण्याची खोड होतीच. मॉडेलमध्ये ती वाढते. शिकाऊ माणसाकडून उतरताना वेग कमी होणारच, आणि नेमक्या त्याच क्षणी हे विमान माफ करत नाही.

ट्रेनरसाठी ही मापं धरा: विस्तार १.४ मीटर, कॉर्ड मुळापासून टोकापर्यंत सारखी २२ सेंटिमीटर, क्षेत्रफळ ३०.८ चौरस डेसिमीटर. पंखाचा छेद क्लार्क वाय नावाचा: जाडी ११.७ टक्के, आणि पुढच्या ३० टक्क्यांनंतर खालची बाजू सपाट, त्यामुळे पंख थेट पाटावर ठेवून बांधता येतो. डायहेड्रल (पंख टोकाकडे वर उचलल्याचा कोन) प्रत्येक बाजूला ३ अंश, म्हणजे प्रत्येक टोक ३७ मिलिमीटर वर. आडवी शेपटी साडेसहा चौरस डेसिमीटर, पंखापासून ६५ सेंटिमीटर मागे. पंखाचा बसवणीचा कोन शेपटीपेक्षा २ अंश जास्त. वजन १,२०० ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. भार ३९ ग्रॅम येतो आणि स्टॉल ताशी २७ किलोमीटरच्या आसपास.

वजनाचं अंदाजपत्रक आधी कागदावर लिहा: आवरणासह पंख ३२०, धड, शेपटी आणि चाकं मिळून ३८०, मोटर १००, प्रोपेलर आणि स्पिनर ३५, वेग नियंत्रक ३५, बॅटरी १८०, चार सर्व्हो (फिरणारे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) ४०, रिसीव्हर १०, दांड्या आणि वायरी ४०. बेरीज १,१४० ग्रॅम. उरलेले ६० गुरुत्वमध्य जुळवायला. प्रत्येक भाग तयार झाला की वजन करून शेजारी लिहायचं. वडिलांना हे सांगावंही लागणार नाही.

लाकूड बाल्साचं, आणि ते निवडण्यात अर्धी लढाई आहे. १ मीटर × १० सेंटिमीटर × ३ मिलिमीटरची फळी ३०० घन सेंटिमीटर भरते. ती ३० ग्रॅमची असेल तर हलकी, ४० ची मध्यम, ६० ची जड. एकाच गठ्ठ्यात दुप्पट फरक सापडतो, म्हणून दुकानात छोटा वजनकाटा घेऊन जा. हलकी फळी शेपटीला, मध्यम रिबना (पंखाला छेदाचा आकार देणाऱ्या पट्ट्या), जड आणि ताठ फळीतून पंखाच्या कडा. रेषांकडेही पाहा. फळी आडवी सहज वाकत असेल तर ती पंखाच्या पुढच्या कडेवर गुंडाळायला योग्य. पृष्ठभागावर माशाच्या खवल्यासारखे ठिपके चमकत असतील आणि फळी आडवी वाकत नसेल, तर ती रिबसाठी राखा. गुंडाळायला घेतली तर तडकते.

पंखात २ मिलिमीटर जाडीच्या २१ रिब, दर ७ सेंटिमीटरला एक. वर आणि खाली ६ × ६ मिलिमीटरचा पाइन किंवा स्प्रूसचा स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य काठी. दोन्ही स्पारमध्ये २ मिलिमीटर बाल्साचा पडदा, रेषा उभ्या ठेवून. हा पडदा बरेच जण आळसाने वगळतात किंवा रेषा आडव्या लावतात, आणि मग पहिल्याच जोरदार वळणात वरचा स्पार दबून मोडतो. वाकताना वरचा स्पार दाबात असतो आणि खालचा ताणात. त्यांना एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर धरून ठेवणं हे पडद्याचं काम. तो निदान मधल्या ६० टक्के लांबीत हवाच. पुढच्या कडेपासून स्पारपर्यंत दीड मिलिमीटरची फळी वरखाली चढवली की बंद नळी तयार होते आणि पंख पिळत नाही. दोन अर्धे जोडायला मध्यभागी ३ मिलिमीटर प्लायवूडचा सांधा, ३० मिनिटांच्या इपॉक्सीने.

पातळ सायनो (झटपट चिकटणारा) गोंद फक्त घट्ट बसलेल्या सांध्यात चालतो, फट भरत नाही. मोटरच्या पाटाला तो कधीच वापरू नका. कंपनांनी तो तडकतो. तिथे ४ मिलिमीटर बर्च प्लाय, कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या आणि ३० मिनिटांचं इपॉक्सी. मोटर २ अंश खाली आणि २ अंश उजवीकडे झुकलेली असावी. बसवणीच्या स्क्रूंमधलं अंतर ३० मिलिमीटर असेल, तर १ मिलिमीटरचा वॉशर जवळपास २ अंश देतो. हा झुकाव नसेल तर थ्रॉटल वाढवल्याबरोबर नाक वर जातं आणि विमान डावीकडे ओढतं.

आता हवाई दलाच्या माणसाची हमखास अडचण: शेपटीचं मजबुतीकरण. तिथे १० ग्रॅम जास्त गेले, आणि शेपटी गुरुत्वमध्यापासून ७० सेंटिमीटरवर तर नाक २५ वर असेल, तर नाकात २८ ग्रॅम शिसं घालावं लागतं. म्हणजे एका प्लायच्या तुकड्यापायी विमान ३८ ग्रॅमने जड झालं. गोंदाचे जाड थर, शेपटीवरचा जादा रंग, सर्व्हो मागे बसवणं, सगळ्याला हेच गणित. मॉडेल इतकं हलकं असतं की आपटण्याचा जोरही कमी असतो; जड मॉडेल जास्त मोडतं.

आवरणाची फिल्म इस्त्रीने आधी कडांना चिकटवा, मग तापमान वाढवून ताणून घ्या. फिल्मनुसार तापमान बदलतं, पण चिकटायला साधारण ११० आणि आकसायला १५० अंश सेल्सिअस. खाली आणि वर सारखीच ताणली नाही तर पंख पिळतो. पंख सपाट पाटावर ठेवून दोन्ही टोकांना मागच्या कडेची उंची मोजा. फरक २ मिलिमीटरहून जास्त असेल, तर एकाने पंख उलट दिशेला थोडा जास्तच पिळून धरायचा आणि दुसऱ्याने गरम हवा द्यायची, थंड होईपर्यंत सोडायचं नाही. पिळलेल्या पंखाचं विमान ट्रिम (काठी मध्यावर असताना सरळ उडावं म्हणून केलेली बारीक जुळवणी) लावून एका वेगाला सरळ जातं, पण वेग बदलला की पुन्हा कलतं. स्टॉलला नेमका तोच पंख पडतो.

विजेचं काम सोपं आहे. १.२ किलोला २४० वॅट भरपूर. तीन सेलची २,२०० मिलिअँपिअर-तासांची लिथियम पॉलिमर बॅटरी, १,००० केव्हीच्या (दर व्होल्टला मिनिटाला १,००० फेऱ्या) आसपासची मोटर, १० × ५ किंवा १० × ६ प्रोपेलर आणि ४० अँपिअरचा नियंत्रक. पूर्ण थ्रॉटलला प्रवाह २३ ते २५ अँपिअर असावा. मोजूनच खात्री करा. टायमर ७ मिनिटांचा लावा. चार्जिंग २.२ अँपिअरने, दर वेळी सेल समतोल करून आणि समोर बसून. वापर नसेल तेव्हा दर सेल ३.८ व्होल्टवर ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी आठवडाभर तशीच पडली की फुगायला लागते. फुगलेली पुन्हा वापरू नका.

गुरुत्वमध्य पहिल्या उड्डाणासाठी पुढच्या कडेपासून ५७ मिलिमीटरवर, म्हणजे कॉर्डच्या २६ टक्क्यांवर. पंखाखाली दोन बोटांवर तोलून समाधान मानू नका, दोन टोकदार आधारांवर तोला. आधी बॅटरी पुढेमागे सरकवा, शिसं सगळ्यात शेवटी. नाक जड असेल तर विमान मंद वाटतं, पण उडतं. शेपटी जड असेल तर काही सेकंदांत संपतं.

फिरणाऱ्या भागांची हालचाल मागच्या कडेला मोजायची: एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा, विमान कलवणारा) १२ मिलिमीटर वर, ८ खाली, एलेव्हेटर (आडव्या शेपटीचा, नाक वर-खाली करणारा) दोन्हीकडे १२, रडर (उभ्या शेपटीचा, नाक डावं-उजवं करणारा) २५. एलेरॉनमधला फरक मुद्दाम ठेवलेला आहे. खाली जाणारा एलेरॉन जास्त खेच निर्माण करतो आणि नाक वळणाच्या उलट दिशेला ओढतो. दांडी सर्व्होच्या आतल्या भोकात आणि हॉर्नच्या (फिरणाऱ्या भागावरच्या खुंटीच्या) बाहेरच्या भोकात लावा, म्हणजे ढिलाई कमी होते. एलेरॉन बोटाने हलवून दीड-दोन मिलिमीटर खेळत असेल तर वेगात फ्लटर, म्हणजे त्या भागाची जोरदार थरथर, सुरू होऊ शकतो, आणि तो सेकंदाच्या आत बिजागर उपटतो. बिजागराच्या फटीवर पारदर्शक फिल्मची पट्टी लावा. एक्स्पो (काठी मध्याजवळ मऊ करणारी सेटिंग) ३० टक्के ठेवा, पण काही ट्रान्समीटरमध्ये तो उणे चिन्हाने द्यावा लागतो. काठी मध्याजवळ मऊ झाली की नाही, हे जमिनीवरच पाहा.

इथे वडिलांची नोकरीतली सवय सगळ्यात मोलाची ठरते: नियंत्रणाच्या कामाची तपासणी दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे करणं. उलटे लागलेले एलेरॉन हे नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणातल्या अपघातांचं अगदी नेहमीचं कारण आहे. विमानाच्या मागे उभं राहा. काठी उजवीकडे: उजवा एलेरॉन वर. काठी ओढली: एलेव्हेटर वर. उजवा रडर: मागची कड उजवीकडे. हे एकाने करायचं, दुसऱ्याने मोठ्याने म्हणायचं. मग ट्रान्समीटर बंद करून मोटर थांबते का ते पाहा, अर्थात प्रोपेलर काढून. सिग्नल तुटला की थ्रॉटल शून्यावर यायलाच हवा. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात, बॅटरीपासून दूर. कमी शक्तीच्या मोडमध्ये ३० मीटरवरून सगळं हललं पाहिजे. घरात कोणतीही जुळवणी प्रोपेलर लावून करू नये. विजेची मोटर इंजिनासारखी अडखळत नाही, अडथळा आला की आणखी जोर लावते.

उडवण्याबद्दल. विमानाच्या आत बसण्याचा अनुभव असला तरी बाहेरून उडवणं वेगळं आहे. अंगाला काही जाणवत नाही, आणि विमान आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटतं. उपाय एकच लक्षात ठेवा: समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली दिसेल, त्या बाजूला काठी ढकला. सिम्युलेटरवर किमान १० तास द्या, तेही बहुतेक उतरण्याच्या सरावाला. त्यानंतर दोन ट्रान्समीटर जोडून शिकवणारा सोबती मिळाला तर सगळ्यात उत्तम. त्याच्या हातात केव्हाही ताबा परत घेता येतो. आपल्या देशाचे नोंदणी, उंची आणि विमानतळापासूनच्या अंतराचे नियम आधी वाचून घ्या.

पहिलं उड्डाण ताशी १० किलोमीटरच्या आतल्या वाऱ्यात, वाऱ्याला तोंड करून. ५० मीटर उंचीवर निम्म्या थ्रॉटलला ट्रिम लावा. मग थ्रॉटल बंद करून हळूहळू नाक वर धरा आणि स्टॉल पाहा: सरळ खाली झुकतं की एक पंख पडतो? उतरण्यापूर्वी हे कळायलाच हवं. दुसऱ्या-तिसऱ्या उड्डाणात डाइव्हची चाचणी घ्या. थ्रॉटल बंद, ४० अंशांचा उतार, काठी मोकळी. विमान झपाट्याने वर उचललं तर नाक जड आहे. बॅटरी ५ मिलिमीटर मागे घ्या. उतार आणखी तीव्र होत गेला तर शेपटी जड आहे, ताबडतोब उतरवा. हलकेच वर आलं तर हात लावू नका. उतरताना वेग ताशी ३६ किलोमीटरच्या खाली नको, आणि शेवटचं वळण उंचीवर पूर्ण करा. प्रत्येक उड्डाणानंतर वहीत वारा, ट्रिम, बॅटरीत उरलेले व्होल्ट आणि बदललेली एकच गोष्ट लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

रंगाबद्दल वडिलांशी बहुधा वाद होईल. हवाई दलाचा राखाडी रंग आकाशात विमान दिसू नये म्हणूनच निवडलेला असतो, आणि १.४ मीटरचं मॉडेल १५० मीटरवर गेलं की तो आपलं काम चोख करतो. विमान वर येतंय की खाली जातंय हेच कळत नाही. ट्रेनरला वरून पिवळा किंवा नारिंगी, खालून गडद जाड पट्टे द्या. सुदैवाने कितीतरी हवाई दलांची प्रशिक्षणाची हार्वर्ड विमानं पिवळीच होती, तेव्हा पुढे त्यांची इच्छाही राहील आणि विमानही दिसेल.

ट्रेनर वाऱ्यातही सहज उतरवता येऊ लागलं की खालच्या पंखाचं, शेपटीला चाक असलेलं विमान घ्या. चिपमंकसारख्या विमानाचं मॉडेल इथे फार छान बसतं. शेपटीचं चाक असलं की गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे पडतो, म्हणून धावताना जरा वाकडं झालं की ते आणखी वाकडं होत जातं. दोन्ही चाकं १ ते २ अंश आत वळवा, सुरुवातीला एलेव्हेटर ओढून धरा आणि थ्रॉटल तीन सेकंदांत हळूहळू द्या.

मग हार्वर्ड. एकाच ठरावीक विमानाची छायाचित्रं गोळा करा. वेगवेगळ्या आवृत्त्यांत छत, अँटेना आणि खुणा बदलतात. नाक आखूड असल्यामुळे शेपटी निर्दयपणे हलकी ठेवा, मोटर आणि बॅटरी काउलिंगमध्ये (नाकावरच्या आवरणात) जितकी पुढे जाईल तितकी न्या. पंख बांधताना टोकाशी मागची कड पाटापासून ५ मिलिमीटर उचलून ठेवा. १४ सेंटिमीटरच्या कॉर्डला त्याने २ अंशांचा वॉशआउट (टोकाचा कोन मुळापेक्षा कमी) मिळतो आणि मुळाचा भाग टोकाच्या आधी स्टॉल होतो. गुरुत्वमध्य सरासरी कॉर्डच्या २५ टक्क्यांवर. उतरताना थोडा थ्रॉटल ठेवून ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास यायचं, आधी मुख्य दोन चाकं टेकवायची, आणि वेग मरेपर्यंत शेपटी आपणहून खाली येऊ द्यायची. शेवटचं वळण अपुरं पडतंय असं दिसलं तर रडरने ओढून आणू नका. थ्रॉटल द्या, सरळ वर चढा आणि पुन्हा फेरी घ्या.